सोमवारी येतो, नक्की

काळी टेप? गाडीतल्या इंजिनाच्या दिव्यावर टेप चिकटवलीस? शाबास. एवढं शिकून हेच सुचलं तुला.

बस खाली. पहाटे चारला निघायचंय ना, मग झोपून तरी काय दिवे लावणार आहेस. आणि तू गं, ते दार लोटून घे, गार वारा येतोय. लाइट नको लावूस. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला उजेड सोसत नाही. अंधारातच ऐका.

ही गोष्ट घरात मी कधी सांगितली नाही. तुमच्या मामीला अर्धी माहीत आहे, कारण त्या रात्री फोन वाजला तेव्हा तिचीही झोप मोडली आणि तिनं मला चार शब्द सुनावले. उरलेली अर्धी तिनं विचारली नाही, मी सांगितली नाही. पण आज तुझी ती टेप बघितली आणि माझं डोकंच फिरलं.

तेव्हा माझं स्पेअर पार्टचं दुकान होतं. रस्त्याच्या अलीकडे मी, पलीकडे मिस्त्रीचं गॅरेज. बावीस वर्षं समोरासमोर. सकाळी शटर वर करताना एकमेकांना हात करायचा, संध्याकाळी खाली ओढताना पुन्हा हात करायचा, मधल्या वेळात भांडायचं. तो म्हणायचा तुझा माल डुप्लिकेट, मी म्हणायचो तुझे हात डुप्लिकेट. पण खरं सांगतो, हात त्याचे सोन्यासारखे होते. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. दोन मिनिटांत सांगायचा काय बिघडलंय ते.

मात्र मी सांगतोय त्या वर्षी तो थकला होता. साठीला आला होता. गुडघे गेलेले, खाली बसला की उठताना बंपर धरायचा. नजर कमी झालेली. लोकही बदलले होते, कुणाला वेळ नाही, सगळ्यांना गाडी आत्ताच्या आत्ता हवी. पूर्वी तो गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायचा, हे काम आजच कर, नाहीतर रस्त्यात रडशील. आता म्हणायचा, बरं, चालेल, घेऊन जा. ‘चालेल’ हा शब्द त्याच्या तोंडात बसला होता. मला कळायचं की चालणार नाही, पण मीही थकलेलोच होतो, मी कशाला मध्ये पडू.

आता त्याची एक खोड ऐका. इंजिनाचा पिवळा दिवा लागला की लोक यायचे आणि म्हणायचे, मिस्त्री, दुरुस्ती नंतर बघू, आधी तो दिवा घालवा. जुन्या गाड्यांत त्या दिव्यामागे छोटासा बल्ब असायचा, शेंगदाण्याएवढा. मीटरची काच काढली, होल्डर पाव फेरा फिरवला, की बल्ब हातात. मिस्त्री तो काढून द्यायचा. पण त्याची अट होती. बल्ब गाडीबरोबर जाणार नाही, त्याच्याकडेच राहणार. आणि मालकानं स्वतःच्या अक्षरात कागदावर लिहून द्यायचं की मी अमुक दिवशी गाडी दुरुस्तीला घेऊन येतो. त्या कागदात बल्ब गुंडाळायचा आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. माणूस परत आला की बल्बही परत. तेवढंच त्याच्या मनाचं समाधान. त्या डब्यात चाळीस-पन्नास पुड्या साठल्या होत्या, यावरून काय ते समजा.

त्यातली एक पुडी ड्रायव्हरदादाची होती.

ड्रायव्हरदादा म्हणजे आमच्या भागातला सगळ्यात जुना भाड्याचा ड्रायव्हर. पांढरी गाडी. वीस वर्षं त्यानं फक्त पेशंट वाहिले. इथून मोठं हॉस्पिटल अठ्ठेचाळीस किलोमीटर. कुणाची डिलिव्हरी, कुणाचा हात मोडलेला, कुणाला तपासायला न्यायचंय, अपरात्री फोन केला तरी पाचव्या मिनिटाला हा दारात. गाडीनं चार लाख किलोमीटर कधीच ओलांडले होते. गाडी सुरू करायच्या आधी मीटरच्या काचेवर नखानं दोन टिचक्या मारायचा. टक, टक. मी एकदा विचारलं, हे काय रे दादा? म्हणाला, दार वाजवल्याशिवाय कुणाच्या घरात जाऊ नये.

तर एका बुधवारी संध्याकाळी तो गॅरेजमध्ये आला. मी तिथेच होतो, चहा पीत. म्हणाला, मिस्त्री, हा दिवा बंद कर बाबा, मागे बसलेले पेशंटचे नातेवाईक सारखे विचारतात, अहो हे काय पेटलंय, अहो हे काय पेटलंय. आधीच घाबरलेली माणसं. मिस्त्री म्हणाला, दोन दिवस गाडी ठेव, नीट बघतो. दादा म्हणाला, उद्या तीन भाडी आहेत, परवा दोन. सोमवारी आणतो. मग मिस्त्रीनं जास्त ताणलं नाही. बल्ब काढला. कागद मीच दिला, माझ्या बिलबुकाच्या मागचा. पेनही माझंच. दादानं बोनेटवर कागद ठेवून लिहिलं, सोमवारी येतो. नक्की.

लिहिताना तो मध्येच थांबला. उजव्या हातानं डावा दंड चोळायला लागला. कपाळावर घाम. हिवाळ्याचे दिवस, आणि घाम. मिस्त्रीनं ते पाहिलं. मीही पाहिलं. पण सात वाजून गेले होते, आम्हाला शटर ओढायची घाई होती. कुणीच विचारलं नाही, दादा, बरं वाटत नाही का.

शनिवारी पहाटे तो झोपेतच गेला.

मिस्त्रीनं ते मनाला फार लावून घेतलं. मला एकदा म्हणाला, अरे, त्या दिवशी दोन दिवे पेटलेले होते. एक मी काढला आणि दुसऱ्याकडे कानाडोळा केला. मी म्हटलं, तू काय डॉक्टर आहेस का.

यानंतर चौदा महिने गेले.

जानेवारीचा दुसरा आठवडा. सोमवार. संध्याकाळी साडेसहाला ती पांढरी गाडी गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. चालवत होती दादाची मुलगी. शाळेत शिकवायची ती, तिशीची असेल, पण त्या दिवशी चाळिशीची दिसत होती. आई आजारी. मूत्रपिंडं निकामी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मंगळवार, गुरुवार, शनिवार. मशीन पहाटे सहाला मिळायचं, त्यासाठी साडेचारला घर सोडायचं. सहाचं चुकलं की थेट पुढच्या पाळीपर्यंत थांबा, आणि तोवर आईच्या अंगाला सूज, छातीत पाणी. मुलगी आईला घेऊन जायची, तिथून अकराला निघून, आईला घरी सोडून थेट शाळेत. पाच महिने हेच. पोर नुसती पिचून गेली होती.

म्हणाली, "काका, इंजिनाचा दिवा लागतोय."

मिस्त्रीचा हात पुसता पुसता थांबला. "कुठला दिवा?"

"पिवळा. इंजिनाचं चित्र असलेला. पहाटे कालव्याच्या पुलाजवळ लागतो, पूल ओलांडला की जातो. दोन आठवडे झाले. दिवसा कधीच नाही."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी मिस्त्रीकडे. त्या दिव्यात बल्बच नव्हता ना.

"दुसरा असेल," मिस्त्री म्हणाला. "बॅटरीचा, नाहीतर ऑइलचा."

"काका, मी रोज मुलांना चित्रं ओळखायला शिकवते. इंजिनाचाच." मग हळूच म्हणाली, "आणि आईला टकटक ऐकू येतं. म्हणते, तुझे बाबा काचेवर टिचक्या मारतायत. तिला वासही येतो कसला कसला. मळमळतं. पण डायलिसिसच्या पेशंटना मळमळतंच म्हणे. तिच्या बोलण्याचं सोडा. मला फक्त एवढं सांगा, उद्या गाडी नेऊ ना? मागचं डावं दार आतून उघडत नाही, आई एकटी उतरू शकत नाही, आणि त्या रस्त्याला पहाटे चिटपाखरू नसतं. गाडी बंद पडली तर मी काय करू हो?"

असं म्हणून ती जुन्या टायरवर बसली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. इतकी थकलेली.

मिस्त्रीनं गाडीला स्कॅनर जोडला. बिघाडाचा एकही कोड नाही. बोनेट उघडलं, पाइप चाचपले, प्लग बघितले, स्क्रूड्रायव्हर लावून इंजिन ऐकलं. सगळं ठणठणीत. चार लाख बारा हजार किलोमीटर झालेल्या गाडीच्या मानानं तर फारच चांगलं. मग त्यानं मीटरची काच काढली, बॅटरी मारून आत बघितलं. इंजिनाच्या चित्रामागचा होल्डर रिकामा. धूळ बसलेली.

आत जाऊन त्यानं फळीवरून बिस्किटाचा डबा काढला. दादाची पुडी शोधली, उघडली. मी शेजारीच उभा होतो. बल्ब होता. कागद होता. त्यावर एकच ओळ होती, सोमवारी येतो, नक्की. हे लक्षात ठेवा, एकच ओळ. त्यानं पुन्हा तशीच पुडी बांधली, डब्यात टाकली, झाकण दाबून बसवलं.

"बल्ब लावून टाक ना," मी म्हटलं.

"लावला आणि उद्या पेटला, तर कुणी पेटवला ते कसं कळणार मला?" तो म्हणाला.

मला वाटलं आता म्हणेल, चालेल, घेऊन जा. खरंच त्याच्या ओठावर आलं होतं ते. तोंड उघडलं होतं त्यानं. पण टायरवर झोपलेल्या त्या मुलीकडे त्याचं लक्ष गेलं आणि तो शब्द त्यानं गिळला. मग तिला उठवून म्हणाला, "पोरी, गाडी आज इथेच राहू दे. जे काय आहे ते थंड इंजिनावर आहे. रात्रभर निवू दे, पहाटे मी स्वतः तुझ्या रस्त्यानं चालवून बघतो. साडेचारला गाडी तुझ्या दारात. माझा शब्द."

मी तिला स्कूटरवर घरी सोडलं. वाटेत ती माझ्या पाठीवर डोकं टेकून दोनदा पेंगली.

आता पुढचं मी मिस्त्रीनं सांगितलं तसं सांगतो. मध्ये बोलू नका.

रात्री तो घरी गेलाच नाही. गॅरेजमध्येच बाकावर आडवा झाला. घड्याळाचा गजर तीनचा. तीन वाजता उठला, तोंडावर पाणी मारलं. थंडी मरणाची. अमावस्या बिमावस्या काही नव्हती, चांगलं पिठूर चांदणं पडलं होतं. तीन दहाला गाडी सुरू केली. पहिल्या फटक्यात सुरू झाली. दिवा नाही, काही नाही. मनात म्हणाला, पोरीला भास होतायत, झोप नाही तिला. मलाही नाही. एक चक्कर मारू आणि येऊन तासभर पडू.

गाव सुटलं. दोन्ही बाजूंनी शेतं, समोर सरळ रस्ता. हीटर लावला, काचा बंद. दमलेल्या माणसाला गाडीत ऊब मिळाली की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. त्याच्या पापण्या जड झाल्या. एकदा चाक कडेच्या खडीवर गेलं, खडखड झाली, तो सावरला.

आणि तेव्हा त्याला ते ऐकू आलं.

टक... टक.

त्याला वाटलं खडा उडाला असेल. त्यानं गाडी हळू केली. रेडिओ बंदच होता. कान देऊन बसला. इंजिन एका लयीत चाललेलं. टायरचा आवाज. बाकी काही नाही.

समोर कालव्याचा पूल दिसायला लागला.

टक... टक.

खडा नव्हता. आवाज आतून आला होता. समोरून. काचेवरून.

आणि दिवा लागला.

पिवळा. इंजिनाच्या चित्राचा. तापमानाच्या काट्याच्या डावीकडे, जिथे असायला हवा तिथेच. मिस्त्रीनं डोळे चोळले. दिवा तिथेच. मनाशी म्हणाला, समोरच्या गाडीचा उजेड असेल. समोर गाडी नव्हती. म्हणाला, चांदण्याचा कवडसा असेल. त्यानं दिव्यावर हात धरला. तळहात पिवळा झाला. बोटांच्या मधून उजेड आला. त्यानं हात काढला... परत धरला... तळहात पिवळाच.

रिकाम्या होल्डरमधून.

बावीस वर्षं मी त्याला ओळखायचो. साप हातानं उचलून बाहेर टाकायचा तो. पण त्या वेळी त्याची पाचावर धारण बसली. परत फिरावं म्हणाला, तर गाडी वळवायला तिथे जागा नाही. पुढे जावं, तर पूल. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलेना.

तो काचेकडे वाकला. म्हणाला, "दादा?"

काही नाही.

"दादा... तूच आहेस का?"

दिवा लुकलुकायला लागला.

आता एक समजून घ्या. तो दिवा नुसता लागून राहिला तर सवडीनं बघितलं तरी चालतं. पण लुकलुकायला लागला तर जिथे आहात तिथे थांबायचं. ही गोष्ट मिस्त्रीनं आयुष्यभर लोकांना सांगितलेली. बाकी सगळं सुचायचं बंद झालं होतं, पण हातापायांना सवय होती. ब्रेक लागला. पुलाच्या तोंडाशी गाडी थांबली. त्यानं चावी फिरवली. इंजिन बंद. हेडलाइट बंद. चावी काढून मुठीत धरली.

गाडीच्या आत सगळा अंधार.

दिवा लुकलुकतोय.

चावी हातात... आणि दिवा लुकलुकतोय.

टक, टक. टक, टक. आता घाईनं. कुणीतरी दार उघडत नाही म्हणून वाजवावं तसं.

त्यानं दार ढकललं आणि बाहेर पडला. पडलाच, गुडघ्यांवर. आणि बाहेरच्या थंड हवेत त्याच्या नाकात वास गेला.

पेट्रोल.

गाडीच्या आत हीटर, बंद काचा. वास हळूहळू भरत गेला असणार आणि त्याचं नाक पेट्रोलला सरावलेलं. ज्या नाकाला तो वास येत होता, त्या बाईचं ऐकतंय कोण. तो उठला. बॅटरी काढली. बोनेटची खिट्टी तीनदा हातातून सुटली. बोनेट वर केलं, उजेड आत मारला.

मागच्या बाजूला, वाकल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, पेट्रोलच्या रबरी पाइपला क्लॅम्पच्या कडेला चीर गेली होती, रोज थोडी थोडी वाढत आलेली. जुनं रबर, दगडासारखं झालेलं. थंडीत आखडलं की चीर उघडायची, सगळं तापून फुगलं की मिटायची. दिवसा कुणाच्या बापाला दिसली नसती. त्या चिरेतून पेट्रोल ठिबकत होतं. आणि खाली, बरोबर खाली, धूर बाहेर नेणारा पाइप. सहा किलोमीटर चालून लालबुंद व्हायच्या बेतात आलेला. एक थेंब पडला, चर्रर झालं, वाफ उडाली.

अजून दोन किलोमीटर गाडी चालली असती तर... त्यानं तो विचार पुरा केला नाही. मागचं डावं दार, जे आतून उघडत नाही, ते त्याच्या डोळ्यांसमोर आलं. तिथे बसणारी बाई आली.

त्यानं मान वळवून काचेतून आत पाहिलं.

मीटर काळं होतं. दिवा गेला होता.

तीन चाळीसला माझा फोन वाजला. "पेट्रोलचा पाइप आण. आठ मिलिमीटर, हातभर. दोन क्लॅम्प. कालव्याच्या पुलावर ये. डुप्लिकेट आणलास तर जीव घेईन." एवढंच बोलला. तुमच्या मामीचे शब्द ऐकत मी चड्डीवर पँट चढवली, दुकान उघडलं आणि स्कूटर काढली.

मी पोचलो तेव्हा मिस्त्री गाडीपासून पन्नास पावलांवर, रस्त्याच्या मधोमध बसला होता. मांडीत डोकं घालून. मला वाटलं मेला. जवळ गेलो तर रडत होता. साठीचा माणूस, हमसून हमसून. म्हणाला, "मी त्याला विचारलं नाही रे. बरं वाटतंय का, एवढंसुद्धा विचारलं नाही. आणि तो आला."

मी त्याला उठवलं. तो भेदरलेला, मी त्याच्याहून भेदरलेला, पण घड्याळ काय थांबणार होतं. मी बॅटरी धरली, त्यानं पाइप बदलला. काम करायला लागल्यावर त्याचे हात स्थिर झाले. पाव तासात नवा पाइप बसला. सांडलेलं पुसून काढलं, सगळं वाळू दिलं. गाडी सुरू केली. पाइप कोरडा. तो म्हणाला, आता आधी गॅरेजला. बल्ब लावल्याशिवाय गाडी द्यायची नाही.

चार पंचवीसला गॅरेजमध्ये त्यानं डबा उघडला. झाकण इतकं घट्ट बसलं होतं की चमच्याच्या दांड्यानं उचकटावं लागलं. दादाची पुडी सोडली, बल्ब घेतला, कागद माझ्या हातात दिला, "फेकून दे हा." कोपऱ्यातल्या त्या अंधारात टोपली शोधत कोण बसतंय. मी खिशात कोंबला. त्यानं बल्ब बसवला. चावी फिरवली की जुन्या गाडीत सगळे दिवे क्षणभर लागतात ना, त्यात तोही लागला, आणि इंजिन सुरू होताच गेला, जसा जायला हवा तसा.

पाच-दहा मिनिटं उशीर झाला, पण गाडी दारात उभी राहिली. मुलगी आईला धरून पायरीवर वाट बघत होती. मिस्त्रीनं तिला पाइप दाखवला. तिनं तो हातात घेऊन वाकवला, चीर उघडली. मग मिस्त्रीनं दिव्याचं सांगितलं. म्हणाला, "पोरी, तुझ्या बाबांचा बल्ब मीच काढला होता. आणि त्यांचा हात दुखतोय हे मला दिसलं होतं. मी बोललो नाही." मला वाटलं ती आता रडेल, नाहीतर भांडेल. ती म्हणाली, "काका, मलाही दिसलं होतं. मीही बोलले नाही. मला वाटलं आई बोलेल."

आईला आम्ही दोघांनी मागे बसवलं. सुजलेले पाय, हाताच्या काड्या झालेल्या. बसल्यावर ती दोन क्षण नुसती ऐकत राहिली. म्हणाली, "आज वास नाही." मग थोड्या वेळानं म्हणाली, "आज टिचकीही नाही." तिला बरं वाटलं की वाईट, ते मला कळलं नाही. गाडी गेली. सहाच्या आत हॉस्पिटलला पोचली, मुलीनं फोन करून कळवलं. ती बाई पुढे साडेतीन वर्षं जगली, आणि गेली ती घरी, अंथरुणावर, लेकीच्या हातून पाणी पिऊन.

त्यानंतर मिस्त्रीनं एकाही गाडीचा बल्ब काढला नाही. उलट डबा घेऊन घरोघर फिरला आणि ज्याचा त्याचा बल्ब परत लावून आला. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला वेड लागलं.

संपली का म्हणजे काय? थांब. घाई तुमची.

त्या दिवशी उजाडल्यावर मी घरी आलो. आंघोळीला जाताना पँटचे खिसे रिकामे केले. तो कागद निघाला. माझ्या बिलबुकाचा, माझ्याच पेनानं लिहिलेला. टाकणार होतो... सहज उलगडला.

तसाच उघड्या अंगानं, टॉवेल गुंडाळून रस्ता ओलांडला आणि मिस्त्रीला दाखवला. त्यानं खूप वेळ पाहिला. त्याला स्वतःला लिहायला येत नव्हतं, सहीपुरतं यायचं. कागदाची घडी घालून त्यानं माझ्या मुठीत दिली आणि मूठ मिटवली. म्हणाला, "तुझ्याकडे ठेव. माझ्याच्यानं नाही ठेववणार."

अठरा वर्षं पाकिटात आहे.

हा घे. जपून धर, घडीवर फाटलाय. मोबाइलचा उजेड पाड. माझ्या डोळ्यांवर नको, कागदावर. वरची ओळ वाच.

"सोमवारी येतो. नक्की."

हं. आदल्या संध्याकाळी एवढंच होतं. मी पाहिलं होतं, मिस्त्रीनं पाहिलं होतं. आता त्याच्याखाली बघ. तेच अक्षर, तसंच डावीकडे झुकलेलं. वाच की... का रे, गप्प का झालास? वाच.

"...आलो."